जुना काँक्रीट रस्ता फोडून त्याचीच गिट्टी नव्या रस्त्यात वापरली तर टिकेल का? (इंदूर, कॉलनीतला रस्ता)

कॉलनी_कामकाज

नमस्कार मंडळी. राजेंद्र नगरच्या बाजूला आमच्या कॉलनीतला आतला रस्ता नव्याने करायचा आहे. लांबी २४० मीटर, रुंदी ५.५ मीटर. सध्याचा स्लॅब १५० मिमी जाड, बिनलोखंडी, सांधे नावापुरतेच कापलेले. मधोमध लांब भेग गेली आहे आणि कडेचे तुकडे खचलेत. खाली काळी माती, तिच्यावर जेमतेम मुरूम. मातीचा भिजवून काढलेला सीबीआर (भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा) २.५ टक्के, फ्री स्वेल (पाण्यात फुगण्याचं प्रमाण) ७० टक्के. घरांची जोती ठरलेली असल्याने रस्त्याची पातळी वर नेता येत नाही, म्हणजे खोदूनच करावं लागेल. वाहतूक म्हणजे चारचाकी, कचरा गाडी, पाण्याचे टँकर. आणि कुणाचं बांधकाम निघालं की भरलेला ट्रान्झिट मिक्सर.

ठेकेदाराचे दोन प्रस्ताव आहेत. पहिला: जुना स्लॅब फोडून चाकांवरच्या क्रशरने गिट्टी करायची, ती नव्या एम-३० (३० एमपीए दाब पेलणाऱ्या) काँक्रीटमध्ये ५० टक्के घालायची आणि खाली बाहेरून मुरूम आणायचा. दुसरा: जुना स्लॅब मलबा प्रकल्पाला देऊन टाकायचा आणि तिथली मिश्र गिट्टी जीएसबीला (स्लॅबखालच्या दाबलेल्या गिट्टीच्या थराला) आणायची. वरचं काँक्रीट नेहमीचं. पहिला प्रस्ताव स्वस्त पडतो.

वरच्या थरात ५० टक्के चालेल का? १५-२० वर्षांचा विचार केला तर असे रस्ते नेमके कुठे बिघडतात? आणि ठेकेदाराकडून कोणत्या चाचण्या लिहून घ्यायच्या?

गिट्टी_मुरूम

५० टक्के नाही. आयएस ३८३ या गिट्टी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत काँक्रीट फोडून केलेल्या गिट्टीला मर्यादा घातलेली आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, लोखंड असलेल्यात २० टक्के आणि तेही एम-२५ पर्यंतच, एम-१५ पेक्षा कमी ताकदीच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के. तुमचा नवा स्लॅबही बिनलोखंडी, म्हणजे २५ ही वरची हद्द. रस्त्यांसाठी आयआरसी १२१ (इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका, २०१७) वेगळी आहे, तीही ठेकेदाराला दाखवा.

पण मला दोन्ही प्रस्ताव उलटे वाटतात. तुमच्या हातात सगळ्यात चांगला माल आहे तो म्हणजे तुमचाच जुना स्लॅब. एकाच ठिकाणचा, एकाच मिश्रणाचा, आत आपला माळव्याचा काळा दगड, ना वीट ना टाइल ना पीओपी, आणि लोखंड नसल्याने चुंबकाचा खटाटोपही नाही. असा माल प्रकल्पाला देऊन त्याच्या बदल्यात घरं पाडलेल्या मलब्याची गिट्टी घ्यायची, हा सौदाच चुकीचा.

आता हिशेब. २४० × ५.५ × ०.१५ म्हणजे १९८ घनमीटर, २.४ ने गुणलं की साधारण ४७५ टन. जीएसबी दोन्ही बाजूंना ३० सेंमी जास्त धरून ६.१ मीटर रुंद करायचा. १५० मिमी दबलेल्या जाडीला २२० घनमीटर, घनता २.० धरली तर ४४० टन. फोडताना, गाळताना, भरताना थोडं वाया जातंच. म्हणजे जुना स्लॅब जवळजवळ तंतोतंत एका जीएसबी थराला पुरतो. वरच्या काँक्रीटसाठी त्यातून काही काढायची गरजच कुठे आहे? खालच्या थराला ही गिट्टी उलट जास्त मानवते. कडा धारदार असल्याने दाणे घट्ट अडकतात, आणि भुकटीत राहिलेलं न मुरलेलं सिमेंट पाण्याशी पुन्हा थोडं जमत राहतं, त्यामुळे काही महिन्यांत थर आणखी कडक होतो.

जीएसबीच्या स्वीकृतीचे आकडे: सीबीआर किमान ३०, इम्पॅक्ट व्हॅल्यू (ठोक्यांनी होणारा चुरा) जास्तीत जास्त ४०, लिक्विड लिमिट २५ च्या आत, प्लॅस्टिसिटी इंडेक्स ६ च्या आत (हे दोन बारीक भागाचा चिकटपणा दाखवतात), दाब कमाल कोरड्या घनतेच्या ९८ टक्के. इथे एक गोम आहे. या गिट्टीची कमाल घनता दगडाच्या गिट्टीपेक्षा कमी येते आणि तिला पाणी जास्त लागतं, साधारण १० ते १२ टक्के. नेहमीच्या जीएसबीचा जुना प्रॉक्टर (कमाल घनता काढायची चाचणी) अहवाल पुढे करून घनता मोजली तर ९८ टक्के कधीच येणार नाहीत. मग रोलरवाला कंपन वाढवत बसतो आणि दाण्यांना चिकटलेला मसाला चुरून थर भुकटीचा होतो. प्रॉक्टर याच मालाची करून घ्या, ढीग आदल्या दिवशी भिजवा, आणि दाबून झाल्यावर एका खड्ड्यातला माल काढून पुन्हा चाळणी लावा. ७५ मायक्रॉनखालचा भाग वाढलेला दिसला तर रोलिंग जास्त झालं असं समजा.

स्लम्पकोन

गिट्टी_मुरूम यांचा हिशेब मान्य, फक्त वरच्या थरातून ही गिट्टी पार हद्दपार करण्याइतकी वाईट नाही. २५ टक्क्यांत, नीट हाताळली तर, एम-३० सहज बसतं. बिघडतं ते हाताळणीत.

या गिट्टीच्या प्रत्येक दाण्यावर जुना सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला असतो आणि तो पाणी ओढतो. आपल्या काळ्या दगडाची पाणी शोषण्याची क्षमता एक-दीड टक्क्याच्या आसपास, हिची ४ ते ७. कोरडी गिट्टी मिक्सरमध्ये टाकली की पाचव्या मिनिटाला स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) बसतो. मग साइटवर पाइप सोडला जातो, आणि रस्त्याचा वरचा ५ मिमी तिथेच गेला. दोन पावसाळ्यांत धूळ उडायला लागते आणि लोक म्हणतात रिसायकल मालाने दगा दिला. आयएस ३८३ मध्ये शोषण ५ टक्क्यांपर्यंत सरळ चालतं. १० पर्यंतही परवानगी आहे, पण मिसळण्याआधी गिट्टी पूर्ण भिजवण्याच्या अटीवर.

एक घनमीटरचं ट्रायल मिक्स देतो, हे प्रयोगशाळेत तपासूनच वापरा: सिमेंट ३७० किलो, पाणी १६० (प्रमाण ०.४३), वाळू ७१०, दगडाची २० आणि १० मिमी गिट्टी मिळून ८९५, फोडलेल्या काँक्रीटची २०-४.७५ मिमी गिट्टी ३००, शिवाय प्लॅस्टिसायझर. ही सगळी वजनं दाणा आतून भिजलेला पण वरून कोरडा या अवस्थेतली. गिट्टी पूर्ण कोरडी असेल आणि शोषण ५ टक्के असेल तर ३०० किलोला १५ लिटर पाणी जादा लागतं. ते आदल्या रात्री ढिगावर मारायचं, मिक्सरमध्ये नाही. ढीग ताडपत्रीखाली ठेवा, नाहीतर सकाळी वरचा भाग कोरडा आणि तळाचा चिंब अशी दोन प्रकारची गिट्टी हाती येते.

मिसळायचा क्रमही बदला. गिट्टी-वाळू ६० सेकंद, मग निम्मं पाणी टाकून ६० सेकंद, मग सिमेंट ३० सेकंद, उरलेलं पाणी टाकून १२० सेकंद. पहिल्या निम्म्या पाण्यानंतर सिमेंट टाकलं की दाट लगदा जुन्या मसाल्याच्या बारीक भेगांत शिरतो आणि तोच कमकुवत सांधा भरून निघतो. प्लॅस्टिसायझर शेवटच्या पाण्यात.

४.७५ मिमीखालचा चुरा वरच्या काँक्रीटमध्ये घालू नका, तो जीएसबीत जाऊ द्या. फक्त जाड गिट्टी वापरली तर आकुंचन नेहमीपेक्षा २० ते ५० टक्के वाढतं, बारीकही वापरलं तर ७० ते १००.

चाचणी नुसत्या क्यूबची (दाबून तोडायच्या ठोकळ्याची) नको. रस्ता वाकून तुटतो, दबून नाही, म्हणून बीम (वाकवून तोडायचा लांब नमुना) टाका. एम-३० ला वाकण्यातली ताकद ०.७ गुणिले ३० चं वर्गमूळ, म्हणजे ३.८ एमपीए. या गिट्टीत क्यूब पास आणि बीम काठावर असं होऊ शकतं. फोडण्याआधी जुन्या स्लॅबचे तीन कोअर (यंत्राने कापलेले गोल नमुने) काढा. ताकद २५ एमपीएच्या खाली निघाली तर वर वापरायचा विषय संपला, सगळं खाली घाला. फोडलेल्या गिट्टीची लॉस एंजेलिस (घासून होणारी झीज) आणि इम्पॅक्ट व्हॅल्यू दोन्ही ३० च्या आत हवी, रस्त्याच्या पृष्ठभागाला हीच मर्यादा आहे.

सांधेजोड

टिकण्याबद्दल विचारलंय म्हणून बाहेरचे दोन दाखले. अमेरिकेत मिशिगनने १९८० च्या दशकात जुने काँक्रीट महामार्ग फोडून त्याच गिट्टीने नवे केले, आणि त्यांतल्या बऱ्याच रस्त्यांना लवकरच स्लॅबच्या मधोमध आडव्या भेगा गेल्या. कारण क्यूबची ताकद नव्हतं. स्लॅब लांब होते, भेगा पडणारच होत्या, आणि फोडलेल्या गिट्टीचं माप लहान असल्याने भेगेच्या दोन्ही भिंती गुळगुळीत निघाल्या. दगडाचे दाणे एकमेकांत अडकून भार पलीकडे पोचवतात, ते काम झालं नाही. याउलट ह्यूस्टनला आय-१० महामार्गावर १९९५ मध्ये जाडी-बारीक दोन्ही १०० टक्के रिसायकल घालून केलेला रस्ता चांगला चालला, कारण त्यात सलग लोखंड आहे आणि भेगा केसाइतक्या बारीक राहतात. गिट्टी कुठली यापेक्षा भेग किती उघडते, यावर आयुष्य ठरतं.

तुमच्याकडे सलग लोखंड नाही, म्हणजे भेग आवळून धरायची तर तुकडे लहान हवेत. रुंदी ५.५, मध्ये एक लांबीचा सांधा घेऊन २.७५ च्या दोन पट्ट्या, आडवे सांधे दर ३ मीटरला. तुकडा २.७५ × ३, जवळपास चौरस. नेहमीच्या कॉलनी रस्त्यात ४.५ मीटर ठेवतात, ते या मिश्रणाला ठेवू नका. मधल्या सांध्याला १२ मिमीचे टाय बार (दोन पट्ट्या बांधून ठेवणाऱ्या सळया), ६५ सेंमी लांब, दर ६० सेंमीला. चेंबरच्या चौकटीभोवती वेगळा सांधा सोडा आणि तो आडव्या सांध्याच्या रेषेत आणा, नाहीतर चेंबरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग ठरलेली.

एक गोष्ट या गिट्टीच्या बाजूची. हिचं काँक्रीट थोडं लवचीक असतं, इलॅस्टिक मॉड्युलस (ताठरपणा) १० ते ३३ टक्के कमी, त्यामुळे त्याच आकुंचनाला ताण कमी येतो. पण वाळताना वरचा भाग जास्त आकसतो आणि कोपरे उचलले जातात. मे महिन्यात दुपारच्या ४१-४२ अंशांत ओतलेल्या स्लॅबला हे हमखास होतं. त्या दिवसांत संध्याकाळी ओता.

कॉलनी_कामकाज

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. म्हणजे जुन्या स्लॅबची गिट्टी मुख्यतः जीएसबीत. वरचं २५ टक्के ऐच्छिक. स्लॅब १८० मिमीचा धरला तर त्याला २३८ घनमीटर काँक्रीट, म्हणजे ७० टनांच्या वर गिट्टी वर जाईल आणि तेवढा जीएसबी कमी पडेल. तो प्रकल्पातल्या मिश्र मालाने भरायचा का?

दुसरं, रस्त्याखालून नर्मदा लाइनची (नळाच्या पाण्याची) घरगुती कनेक्शनं जातात, बहुतेक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात. आणि काळ्या मातीचं काय करू? ६० सेंमी खोदून मुरूम भरायचा खर्च झेपणारा नाही.

नाली_आधी

पाइपांचं विचारलंत ते बरं झालं, हे कुणी विचारत नाही. फोडलेल्या काँक्रीटमधून झिरपणारं पाणी तीव्र अल्कली असतं, पीएच ११-१२ पर्यंत जातो. जस्ताच्या मुलाम्याला हे खातं. जीएसबीतून जाणारे जीआय पाइप एकतर आत्ताच बदलून एचडीपीईचे (प्लॅस्टिकचे) करा, नाहीतर त्यांच्याभोवती किमान १०० मिमी वाळू ठेवा. बदलणंच बरं. दोन वर्षांनी गळती झाली की रस्ता कापला जाणार, आणि कापलेल्या पट्ट्यासारखा दुबळा भाग रस्त्यात दुसरा नसतो.

त्याच पाण्यात विरघळलेला चुना हवा लागली की पांढऱ्या थरासारखा साचतो. जीएसबीच्या कडेला जिओटेक्स्टाइल (पाणी गाळणारं कापड) गुंडाळलेली नाली दिलीत तर कापड चोंदतं आणि पाणी थरातच कोंडतं. म्हणून नालीभोवती दगडाची धुतलेली गिट्टी वापरा, रिसायकल नको, आणि कापड या दोन गिट्ट्यांच्या मध्ये उभं करू नका. जीएसबीला नालीकडे २.५ टक्के उतार. इथले रस्ते बहुतेक वेळा वरून नव्हे, खाली साचलेल्या पाण्याने मरतात. काळ्या मातीवर तर नक्कीच.

मातीला चुना. खणून सपाट केल्यावर वरची २०० मिमी माती मोकळी करा, भुकटी चुना ३ टक्के. कोरडी घनता १.५ धरली तर चौरस मीटरला ९ किलो, तुमच्या १४६४ चौरस मीटरला साधारण १३ टन. रोटाव्हेटरने मिसळा, ओलसर करून एक दिवस मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसळून दाबा. चुन्याचं नेमकं प्रमाण प्रयोगशाळेतून काढा, ३ ला फुगणं थांबलं नाही तर ४. चुना खडे असलेला नको, मागाहून विरणारा खडा थर उचलतो. काम करणाऱ्यांना गॉगल आणि हातमोजे द्याच, भाजतं.

चुना घातला म्हणून काळी माती गरीब झाली असं समजू नका. कडेची न सुधारलेली माती उन्हाळ्यात फटते आणि भेग स्लॅबखाली शिरते. म्हणून जीएसबी नालीपर्यंत नेता आला तर न्या, आणि कडेला झाडांची आळी रस्त्याला चिकटून करू नका.

गिट्टी_मुरूम

मिश्र मालाबद्दल. देवगुराडियाकडे मलब्यावर प्रक्रिया होते आणि खालच्या थराला तो माल चालू शकतो, पण गाडी उतरवण्याआधी तपासून. आपल्याकडे घरं पाडताना छताचं पीओपी, फ्लाय अॅश वीट, टाइल सगळं एका ढिगात येतं. वीट तेवढी वाईट नाही, ती दबते, पाणी धरते, इतकंच. खरा शत्रू पीओपी. त्यातलं सल्फेट सिमेंटशी मिळून फुगणारे स्फटिक बनवतं. चुन्याने सुधारलेल्या मातीवर तर अजिबात नको, चुना, सल्फेट, चिकणमाती आणि पाणी एकत्र आले की तीच क्रिया मातीत होते आणि वरचा रस्ता पोट काढतो.

साइटवर करायची साधी तपासणी: प्रत्येक गाडीतून तीन ठिकाणचा मिळून १० किलो माल, पाण्याने धुऊन चादरीवर पसरवायचा आणि हाताने निवडायचा. काँक्रीट-दगड, वीट-टाइल, पांढरे मऊ तुकडे, लाकूड-प्लॅस्टिक असे चार ढीग, प्रत्येकाचं वजन. नखाने ओरखडा उठतो तो पांढरा तुकडा बहुधा पीओपी. असे तुकडे सहज सापडू लागले तर गाडी परत. संशय असेल तर प्रयोगशाळेत सल्फेट काढायला द्या.

माझं मत विचाराल तर हा खटाटोप ७० टनांसाठी करूच नका. जुना स्लॅब पूर्ण जीएसबीत घाला, वर दगडाची गिट्टी. ७० टन दगडाची गिट्टी आणि ७० टन मिश्र माल यांच्या दरातला फरक एवढ्या कामात तपासणीच्या खर्चातच जिरतो.

क्रशरबद्दल एक: फक्त जॉ क्रशर (जबड्यात चिरडणारा) असेल तर चपटे दाणे फार निघतात. मागे इम्पॅक्टर (आपटून फोडणारा) असला तर चिकटलेला मसाला बराच सुटतो, दाणा गोळीबंद होतो, फक्त चुरा वाढतो. जीएसबीला तो चालतो. फोडायच्या आधी स्लॅबवरचे डांबराचे ठिगळ खरवडून काढा.

स्लम्पकोन

इतका लहान हिशेब असेल तर मीही गिट्टी_मुरूम यांच्याच बाजूने. २५ टक्के वर घालण्यात अर्थ आहे तो गिट्टी उरते तेव्हा. तुमच्याकडे उरत नाही.

मात्र रिसायकल जीएसबीवर थेट ओतणार असाल तर १२५ मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरा, जोड ३० सेंमी एकमेकांवर. कागद नसला तर हा थर ताज्या काँक्रीटचं पाणी तळातून शोषतो. शिवाय खालचा थर थोडा जमलेला असतो, स्लॅब त्याला चिकटला की आकसताना अडतो आणि सांध्याबाहेर भेग जाते. कागद टाकायच्या आधी जीएसबीवर पाणी शिंपडून ओलसर ठेवा, डबकं नको.

कॉलनी_कामकाज

ठरलं, वर दगडाचीच गिट्टी. शेवटचं एक: सांधे कापायची वेळ आणि टँकर कधी सोडायचा? ठेकेदार म्हणतो दुसऱ्या दिवशी सकाळी कापू, सात दिवसांनी रस्ता खुला.

सांधेजोड

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणजे उशीर. उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ला ओतलं तर रात्री ११ ते १ च्या दरम्यान कापायला लागेल. खूण अशी: पातं चालवल्यावर कडेचे दाणे उपटले जात नाहीत, तेव्हा सुरू करा. थोडेसे उपटले तरी थांबण्यापेक्षा कापलेलं बरं. १८० च्या स्लॅबला ६० मिमी खोल, ३ मिमी रुंद. आधी दर तिसरा सांधा कापून घ्या, मग मधले. साइटवर दोन कटर आणि जादा पाती हवीत, कारण रात्री दुकान उघडं मिळत नाही.

तराई १४ दिवस. पहिल्या रात्री ओलं गोणपाट, कापून झाल्यावर क्याऱ्या बांधून पाणी. सांधे भरण्याआधी हवेने साफ आणि कोरडे करा, त्यात क्यारीची माती राहिली तर सीलंट पहिल्याच पावसात सुटतं. दुचाकी सात दिवसांनी सोडा. टँकर आणि कचरा गाडी २८ दिवसांनी. त्याआधी सोडायचीच असेल तर स्लॅबशेजारी त्याच तराईत ठेवलेला बीम तोडून ३.८ आले की नाही ते बघून. भरलेल्या ट्रान्झिट मिक्सरला कडेच्या ३० सेंमीत चाक घालू देऊ नका, तिथे स्लॅबला एकाच बाजूने आधार असतो. कडेला दगड किंवा ड्रम लावून ठेवा.

नाली_आधी

आणि ओतायच्या आधी रस्त्याच्या दोन-तीन ठिकाणी १५० मिमीचे रिकामे आडवे पाइप टाकून ठेवा, दोन्ही टोकं बंद करून, जागा नकाशावर खुणावून. पुढे केबल किंवा पाण्याचं नवं कनेक्शन त्यातून जाईल.